शेरूची भाकरी

शनिवार, पन्हाळा

शेरू बुधवारी गेला. तरी आज लेखन कार्यशाळेला आलेच. आईनंच एसटीत बसवलं. "घरात रडत बसून कुत्रं माघारी येतंय व्हय?"

दुपारी भाकरीचं फडकं सोडलं, तर माझ्या दोन भाकरींखाली एक छोटी, जाड भाकरी. शेरूची! उरल्या पिठाची, रोज शेवटी त्याच्यासाठी थापायची ती.

लगेच फोन केला. आई म्हणाली, "हातानंच थापली गं. मला कळलंच न्हाई."

डोळे रडून मोकळे होतात, आणि हात मात्र... काय असतं हे?

"आता काय करू तिचं?"

"खा की! तुझ्या ताटातलं त्यानं कमी खाल्लंय व्हय?"

त्या छोट्या भाकरीवर आईची बोटं उमटली होती. बघतच राहिले. मग पहिला तुकडा मोडला, आणि माझा हात आपोआप खुर्चीखाली गेला.