किट ठरेपर्यंत

रविवार, ३ मे

कव्हेंट्रीच्या मोटारमेळ्यातून आत्ताच परत. पायांचे तुकडे पडलेत, पण निर्णय झाला. आपण स्वतःच्या हाताने गाडी बांधायची. दोन सीटची, उघडी, लांब नाकाची. सगळे भाग खोक्यांत भरून घरी येतात, त्याला किट म्हणतात, आपण फक्त जोडायचे. मेळ्यातला एक दाढीवाला म्हणाला, ज्याला कपाट जोडता येतं त्याला हे जमतं. कपाट मी जोडलेलं आहे. त्याचं एक दार लागत नाही, पण तो दाराचा दोष.

योजना: मेअखेर किट ठरवणे. जून-जुलै जोडणी. ऑगस्टात सरकारी तपासणी. सप्टेंबरात ग्लेनिसला शेजारी बसवून समुद्रकाठाने लांबची फेरी. तिला आत्ताच काही सांगायचं नाही. सरप्राइज.

ती सध्या स्कारबरोला बहिणीकडे असते. बेरिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, नोव्हेंबरात. अशा गोष्टींना वेळ लागतो.

बुधवार, ६ मे

डायनिंग टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग. जेवण सध्या सिंकपाशी, उभ्याने. तक्ता आखायला घेतला: वजन, चॅसिस (खालचा सांगाडा), काच, छप्पर, कंपनीच्या माणसाचा फोनवरचा आवाज.

घाई करायची नाही. काउन्सिलच्या रस्तेखात्यात एवढी वर्षं काढली, कधी घाईने काही ठरवलं नाही. एका राउंडअबाउटचा, म्हणजे चौकातल्या गोल बेटाचा, निर्णय आम्ही इतका नीट लांबवला की शेवटी त्याची गरजच उरली नाही.

शेजारच्या मिसेस ओल्ड्रॉइड आल्याचा केक घेऊन आल्या. टेबलाकडे बघून म्हणाल्या, अहो लेनर्ड, ग्लेनिस यायची कधी? म्हटलं, गुडघा. त्या म्हणाल्या, बेरिलला मी ईस्टरला स्कारबरोत पाहिलं की, हिरवळीवर चेंडू घरंगळवतात त्या बोलिंगच्या मैदानावर होती. म्हटलं, बसून बघत असेल. नाही हो, म्हणाल्या, खेळत होती, जिंकलीसुद्धा.

मिसेस ओल्ड्रॉइडची नजर अधू झाली आहे. केक चांगला होता.

रविवार, १० मे

नेहमीप्रमाणे संध्याकाळी ग्लेनिसला फोन. तिने आधी माझी चौकशी केली, मग गाडीची. गाडी म्हणजे तिची स्वतःची, छोटी लाल माझ्दा, छप्पर उघडणारी. नोव्हेंबरात ती रेल्वेने गेली आणि गाडी इथे गॅरेजमध्ये ठेवून गेली. मी हा पक्का पुरावा धरतो. कायमची जाणारी बाई गाडी मागे ठेवते का?

तिने विचारलं, चालवतोस का मधूनमधून? म्हटलं, बोटसुद्धा लावलेलं नाही. खूश होईल असं वाटलं होतं. बरं, एवढंच म्हणाली. मग हवामानाचं बोललो. तिकडेही ढगाळ आहे.

शनिवार, १६ मे

आज एक विचार सुचला आणि माझं मलाच नवल वाटलं.

किटच्या खोक्यांत इंजिन नसतं, चाकं नसतात, स्टिअरिंग नसतं. ते एखाद्या जुन्या गाडीचं काढून बसवायचं. त्या गाडीला हे लोक डोनर म्हणतात. आणि माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त किटना डोनर कुठली लागते? माझ्दा. तीच.

म्हणजे इंजिन ग्लेनिसचं, चाकं ग्लेनिसची, अंग तेवढं नवं. तिची गाडी जाणार नाही, सुधारेल. विचारायला हवं होतं का? विचारलं तर सरप्राइज कसलं?

गुरुवार, २१ मे

कामाला सुरुवात. एकेक भाग काढायचा, पिशवीत घालायचा, चिठ्ठी लावायची. शिस्तीत चाललंय. दुपारपर्यंत दोन्ही दारं, सीट आणि एक असा भाग निघाला ज्याचं नाव पुस्तकात सापडलं नाही. त्याच्या पिशवीवर ‘डावीकडचं, महत्त्वाचं’ असं लिहिलं.

रेडिओ गॅरेजमध्ये आणला. घरात फार शांत वाटतं.

मंगळवार, २ जून

किटवाल्यांच्या क्लबात पहिल्यांदा गेलो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत जमतात. सगळ्यांनी मोकळेपणाने जागा करून दिली. किट कुठलं, विचारलं. म्हटलं, अजून ठरायचंय. आणि डोनर? म्हटलं, निम्मा सुटा करून झालाय.

रॉय म्हणून एक दांडगा गृहस्थ आहे, तीन गाड्या बांधल्यात त्याने. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, अरे बाबा, आधी किट ठरवतात, मग डोनरला हात लावतात. कुठल्या किटला काय लागतं, काय ठेवायचं, कुठली तार कुठे तोडायची, हे किटवाला सांगतो. नवं कापड घ्यायच्या आधीच तू जुना कोट उसवून बसलास. तारा कापल्यास का? म्हटलं, कापल्या, अगदी सरळ. मग त्याने मला बिअर आणून दिली.

मनाने चांगला आहे. एकच पद्धत माहीत असली की माणूस असा होतो.

जाताना त्याने विचारलं, जड भागांचं दुसरं टोक धरायला कोण आहे घरी? म्हटलं, बायको आहे.

रविवार, ७ जून

फोन. बेरिल आता जिनाही चढते म्हणे. चांगलं आहे. मग आता तू केव्हा येतेस, असं विचारणार होतो, पण ग्लेनिसनेच मध्ये विचारलं, गाडी चालू तरी करून बघतोस का रे? बॅटरी उतरेल. म्हटलं, बॅटरीची काळजी नको. हे खरं आहे. बॅटरी शेल्फवर आहे.

ती म्हणाली, हल्ली उन्हं छान पडतात इकडे. छप्पर उघडून यायला मस्त रस्ता आहे. म्हटलं, हो, सप्टेंबरात आणखी छान असतो. यावर ती गप्प राहिली. लाइन खराब असावी.

बुधवार, १७ जून

इंजिन निघालं. भाड्याने उचलयंत्र आणलं होतं. पुस्तकात जिथे जिथे ‘सहाय्यकाला धरायला सांगा’ असं लिहिलंय तिथे मी दोरी बांधतो. आज बरीच दोरी लागली.

इंजिन हवेत लटकलेलं बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण बघायला कोणी नव्हतं. म्हणून मिसेस ओल्ड्रॉइडना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, लेनर्ड, ही ग्लेनिसची ना? म्हटलं, तिच्यासाठीच चाललंय सगळं. त्या चष्मा काढून घरी गेल्या. केक आणला नव्हता.

शनिवार, २७ जून

मेअखेर म्हणजे तसं जूनअखेरच धरायचं होतं. आता यादीत दोनच किट उरली. त्यातलं एक लिंकनजवळच्या कारखान्याचं. आज तिथे चौथी फेरी. माझी स्कोडा फाटकातून आत आली की तिथला ट्रेव्हर किटली लावतो. काच किती कलती असावी यावर मनसोक्त बोललो. म्हणजे मी बोललो. ट्रेव्हर एकीकडे नट आवळत होता, पण ऐकत होता.

निघताना म्हणाला, मिस्टर पास्क, दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. घरी जा आणि नाणं उडवा. असा माणूस विक्रीच्या धंद्यात टिकणार कसा? मग म्हणाला, नाहीतर बायकोला विचारा की. बसणार तीच ना शेजारी?

परत येताना गाडीत रेडिओ लावला नाही. आठवडाभरात एवढा वेळ मी कोणाशी बोललो नव्हतो.

रविवार, ५ जुलै

ग्लेनिस येतेय. शनिवारी, सकाळच्या गाडीने.

फोन तिनेच केला. तिला स्कारबरोजवळच्या फायली गावच्या लायब्ररीत काम मिळालंय, आठवड्यातून तीन दिवस, आणि बसने फार वेळ जातो. म्हणाली, माझी गाडी न्यायला येते. मी लगेच ओळखलं. गाडी हे निमित्त. एवढ्या महिन्यांनी सरळ ‘घरी येते’ म्हणायला माणसाला जड जातं.

गाडीचं फोनवर सांगितलं नाही. अशी गोष्ट समोरासमोर सांगावी.

शनिवारच्या आत: घर झाडणे. टेबल रिकामं करणे. किट ठरवणे, काही झालं तरी.

गुरुवार, ९ जुलै

खबरदारी म्हणून माझ्दा परत जोडता येते का पाहिलं. दारापर्यंत आलो. तेही दार लागत नाही. पिशव्यांवरचं अक्षर माझंच आहे, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही. ‘डावीकडचं, महत्त्वाचं’ उजवीकडे बसतं. एका पिशवीवर नुसतं ‘हे’ असं लिहिलंय.

किट ठरलं नाही. टेबल रिकामं केलं. गुलाब आणले. मला भीती वाटतेय.

शनिवार, ११ जुलै

ती आली. बारीक झाली आहे. केस कापलेत, तिला शोभतात. हे मी तिला सांगितलं नाही, ते आत्ता लक्षात येतंय.

चहा नको म्हणाली. सरळ गॅरेजकडे. मी दार वर केलं आणि ती चिडायच्या आत सगळं घडाघडा सांगून टाकलं. मेळा, ट्रेव्हरकडच्या चार फेऱ्या, सरप्राइज, सप्टेंबर, समुद्रकाठ. तक्ते दाखवले. दोन किट शेवटच्या फेरीत आहेत हेही सांगितलं. ती चिडली नाही. जमिनीवर तिच्याच गाडीची सीट होती, तिच्यावर बसली. पिशव्यांकडे बघत राहिली.

मग म्हणाली, लेनर्ड, गाडी मी इथे का ठेवली, माहितीये तुला? म्हटलं, परत यायचं होतं म्हणून. ती म्हणाली, नाही. तू ती घेऊन येशील म्हणून. निमित्ताशिवाय तू कुठे जात नाहीस, म्हणून तुझ्यासाठी निमित्त ठेवून गेले होते. दर रविवारी विचारत होते ना, चालवतोस का, चालवतोस का. आणखी किती सोपं करून सांगू?

ती पुढे म्हणाली, ख्रिसमसला दिवसभर खिडकीपाशी बसले होते. बेरिल हसायची मला.

स्टेशनवर सोडायला गेलो. प्लॅटफॉर्मवर म्हटलं, ग्लेनिस, गाडी जोडून झाली की पहिल्यांदा तुझ्याकडेच येतो. ती म्हणाली, आणि तुझी स्कोडा? म्हटलं, बाहेर उभी आहे. ती म्हणाली, हो ना, त्या ट्रेव्हरकडे बरी चालते ती.

गाडी आली. दारात उभी राहून म्हणाली, उद्या नाही, पुढच्या रविवारी ये. बेरिल मुलाकडे जाणार आहे. बीफ करते, यॉर्कशर पुडिंग करते. एक वाजता पान वाढीन. दोनच्या पुढे थांबणार नाही, आणि हे मी पुन्हा म्हणणार नाही.

मला रडू आलं. घरी आल्यावर, तिच्यासमोर नाही.

रविवार, १९ जुलै, संध्याकाळ

सकाळी लवकर उठलो. दाढी केली, टाय लावला. स्कोडात पेट्रोल भरलं, टायरची हवा बघितली, गुलाब शेजारच्या सीटवर ठेवले. वेळ भरपूर होता. हे मुद्दाम लिहितो.

निघताना वाटलं, नुसत्या फुलांनी काय होणार? ती दारातच विचारणार, मग, कुठलं ठरलं? आणि मी पुन्हा म्हणायचं, दोन उरलीत? तिला माझ्या याच गोष्टीचा कंटाळा आलाय. या वेळी तिच्यापुढे निर्णय घेऊन उभं राहायचं. लिंकनच्या कारखान्यात आज रविवार असून खुला दिवस होता. काम अर्ध्या तासाचं. रस्ता उलट दिशेचा, ते मला ठाऊक होतं. राउंडअबाउटला मी दोन फेऱ्या मारल्या.

ट्रेव्हरभोवती गर्दी होती. हात हलवून म्हणाला, आलोच, चहा घ्या तोवर. चहा घेतला. एका जोडप्याला चॅसिस समजावून सांगितलं, त्यांना ते आवडलं. मग ट्रेव्हर मोकळा झाला. म्हणाला, चला, एक चक्कर मारू. वाऱ्यात, उघड्या गाडीत, शेतांमधून. परत आल्यावर मी म्हटलं, हीच. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं.

फोन केला. तिने उचलला. कुठे आहेस, म्हणाली. म्हटलं, लिंकन. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, काहीतरी खाऊन घे, लेनर्ड. मी म्हटलं, अगं, ठरलं, ऐक तर. पण तिने ठेवला होता.

तरी निघावं, उशिरा का होईना तिच्या दारात जाऊन उभं राहावं, हे सुचलं. ते घरी आल्यावर सुचलं.

सहा वाजता नेहमीप्रमाणे फोन लावला. वाजत राहिला. मिसेस ओल्ड्रॉइड मुलीकडे गेल्यात, त्यांच्या खिडक्या बंद आहेत. क्लब आता ऑगस्टात.

तर किट ठरलं. कोणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितो आहे.