चिठ्ठी टोपणावर लावू नये

ती. आत्यास,

मागच्या पत्रातल्या चौथ्या पायरीत मी असं लिहिलं होतं की कोणता पेनड्राइव्ह कशाचा ते चिठ्ठीवर लिहावं आणि चिठ्ठी टोपणावर चिकटवावी. हे चूक आहे. चिठ्ठी पेनड्राइव्हच्या अंगावर चिकटवावी.

चूक आधी, नमस्कार नंतर, हा तुमचाच नियम, म्हणून नमस्कार आता करते. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? इकडे मी बरी आहे, दादा बरा आहे आणि तुम्ही मला दिलेला जुना संगणकही बरा आहे (यातलं तिसरं विधान पुढे जरा तपासावं लागेल). तुम्हाला "तुम्ही" म्हणतेय म्हणून दचकू नका. पहिली चार वर्षं मला शाळेत न घालता घरीच शिकवलंत, तेव्हाच ठरलं होतं की टेबलाशी बसलं की "तुम्ही", उठलं की "तू". हे पत्र टेबलाशी बसून लिहितेय.

काल फोनवर मी "बुधवारी संगणकाला अजिबात हात लावू नका" एवढंच बोलून फोन ठेवला, त्याबद्दल माफ करा. माझं मागचं पत्र वाचून तुम्ही तुमच्या नव्या संगणकावरही तीच मोफत, खुली (म्हणजे आतलं सगळं कोणालाही उघडून पाहता येतं अशी) संगणकप्रणाली बुधवारी बसवायचं ठरवलंत, तेही माझ्या नऊ पायऱ्या समोर ठेवून, हे तुमच्या उत्तरात वाचलं आणि मी तडक फोन उचलला. तुम्ही पायऱ्या शब्दशः पाळणार, याची मला खात्री आहे. त्यात वर तुम्ही लिहिलंत, "जुन्या संगणकातली, तुला शिकवायला रचलेली माझी दोनशे बारा गणितं पाठव, पुन्हा वाचावीशी वाटतात." तेव्हा खरं काय झालं ते लिहिते.

मुळात मी या फंदात का पडले, तर वाचल्यामुळे. तुमचा संगणक सुरू केला की रोज पाटी यायची, "या यंत्राला यापुढे आधार मिळणार नाही." पंधरा वर्षं इमानेइतबारे चाललेल्या यंत्राला असं बोलणं मला बरं वाटेना. दादा म्हणाला, नवा घे. नवा दुकानात पाहिला, तर सुरू करतानाच त्याने अटी दाखवल्या आणि खाली "मी वाचले आहे व मला मान्य आहे" असा चौकोन. आता माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद मी छपाईआधी तपासते, म्हणजे जगात जे कोणी वाचत नाही ते मी वाचते. मी दुकानातच स्टूल ओढून बसले.

"अगं, ते कोणी वाचत नसतं," दादा म्हणाला. "खाली जा आणि दाब."

"मग खाली 'वाचले आहे' असं कशाला लिहिलंय?"

"तू ना, लग्नातसुद्धा अक्षता थांबवून अटी वाचशील."

एकतिसाव्या पानावर मला एक कलम पटलं नाही. पटलं नाही म्हणून दाबलं नाही, आणि दाबलं नाही म्हणून संगणक पुढे जाईना. दुकानदाराने पंखा माझ्याकडे वळवला आणि शेवटी दुकान बंद करायची वेळ झाली.

त्यानंतर मला वाचनालयाच्या तळघरातलं मंडळ सापडलं. दर रविवारी सकाळी सातआठ माणसं जुने संगणक घेऊन तिथे जमतात आणि त्यांवर खुली प्रणाली बसवतात. यातलं कोणी संगणकवालं नाही. मी प्रत्येकाला विचारलं की तुम्ही हीच का वापरता (वहीत लिहून घेतलं, सवय). लिफ्ट दुरुस्त करणारे एक निवृत्त काका म्हणाले, "ज्याचं झाकण उघडता येत नाही, त्यात मी पाय ठेवत नाही. पस्तीस वर्षं लिफ्टचा धंदा केलाय, पोरी." एक शिंपीणबाई आहेत. त्यांचं भरतकामाचं यंत्र फक्त जुन्या संगणकाशी बोलतं. त्या म्हणाल्या, "उसवता येत नाही तो कपडा मी शिवत नाही." आणि मग हळूच, "शिवाय घरात माझं कोणी ऐकत नाही. हा ऐकतो." मला स्वतःला आवडलं ते वेगळंच. या प्रणालीत चुकांची यादी उघड्यावर टांगलेली असते. कोणीही चूक दाखवावी. मी मराठी पडद्यावर सुटलेला एक अनुस्वार कळवला, तर दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर, "धन्यवाद, दुरुस्त केलं." आत्या, चूक दाखवल्याबद्दल मला कोणी धन्यवाद दिल्याची ही पहिलीच वेळ. ऑफिसात सुस्कारे टाकतात.

आता मुख्य गोष्ट. मी सारखेच दिसणारे दोन निळे पेनड्राइव्ह घेतले. एकावर तुमच्या संगणकातलं सगळं उतरवलं, गणितांसकट. दुसऱ्यावर नवी प्रणाली घ्यायची होती. गोंधळ नको म्हणून सुवाच्य अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या टोपणांवर चिकटवल्या. मग दोन्ही टोपणं काढली, पुसली आणि परत लावली. टोपणं कुठल्याही पेनड्राइव्हला बसतात, आणि माझ्या हातून त्यांची अदलाबदल झाली. प्रणाली तुमच्या गणितांवर उतरली. नंतर संगणकाने विचारलं, "सर्व मजकूर पुसला जाईल. खात्री आहे?" मी तीनदा वाचलं. खात्री होती.

दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर कोरा. मी तो चारदा काढून चारदा पुन्हा लावला, तेव्हा दादाने आपणहून चहा केला.

लिफ्टवाल्या काकांनी फोनवर एकच सांगितलं, "संगणक बंद कर. त्यावर आता काहीही लिहायचं नाही." रविवारी त्यांनी पुसलेलं परत शोधणारी एक आज्ञावली चालवली. तीही मोफत, तीही अशाच कोणीतरी हात पोळल्यावर लिहिलेली. फाइली परत आल्या, पण नावं गेली आणि क्रम गेला. प्रत्येक गणित वेगळ्या फाइलीत ठेवायची तुमची शिस्त, म्हणून दोन रविवार लागले. मी एकेक उघडून वाचत होते, आणि शिंपीणबाई मागून उत्तरं सांगत होत्या (बरीचशी चुकीची).

म्हणजे मागच्या पत्रातलं "चाळीस मिनिटांत, एकटीने, काहीही न हरवता" हे वाक्य चाळीस, एकटीने आणि काहीही या तीन ठिकाणी दुरुस्त करून घ्यावं.

गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता. क. दोनशे बारापैकी दोनशे नऊ गणितं मिळाली.

ता. क. २. वरचं विधान खरं आहे, पण प्रामाणिक नाही. उरलेली तीन पेनड्राइव्हमुळे गेली नाहीत. ती मी अकरा वर्षांची असताना पुसली. बाकीच्या गणितांत "एक मुलगी" टाक्या भरते, दोऱ्या कापते, वेळेवर पोचते. या तिन्हींत "एका मुलीने घाईत उत्तर चुकवले, तिची चूक शोधा" असं होतं. मला वाटलं, ती मी. तुम्ही दादावर संशय घेतलात आणि त्याला सतराचा पाढा दहा वेळा लिहायला लावलात, आणि गणितं मात्र अजूनही दोनशे बाराच मोजता. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३. आता टेबलावरून उठलेय. आत्या, ती तीन गणितं तू पुन्हा लिहून ठेवशील का? मुलगी चुकलेलीच राहू दे. मी दादाला घेऊन येते. त्याला तुझ्यासमोरच सांगेन, मग तुझ्या संगणकाचं करू. प्रत्येक पडदा तू मोठ्याने वाचायचा आणि तू "हो" म्हटल्याशिवाय मी काही दाबणार नाही. चिठ्ठ्या अंगावर चिकटवून झाल्या आहेत. शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी साडेनऊला.