वरची खोली, झोळीची स्प्रिंग आणि शेवट नसलेलं टेबल

हरेश, हे वाचायला बसण्याआधी खाली जा आणि स्कूटरची डिकी उघडून बघ. कोळंबी तिथेच असेल. मागच्या वेळी तिचा वास आख्ख्या गल्लीला आला, तुला नाही. मग ये आणि शांतपणे वाच. मी आता कुठे जात नाही.

मी, यशोदाबाई धर्मराज तांडेल, राहणार करावे गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत सांगत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणारी वैशाली साटम समोरच्या सोसायटीतली. मी बोलते तसं ती लिहिते, फक्त शिव्या गाळते. शुद्धीची खात्री डॉक्टर श्रुतीने केली. तिने मला वार विचारला, मी तिला तिची सासू कशी आहे ते विचारलं. माझं उत्तर लवकर आलं.

एक. तळमजला माझा थोरला मुलगा हरेश याचा, पहिला मजला धाकट्या दिपेशचा. जिना दोघांचा. तो झाडायचा कोणी, यावर माझ्यामागे भांडा.

दोन. बँकेत असेल ते दोघांत सारखं. खलबत्ता बोनकोड्याची माझी जाऊ सखू हिला. गणपतीत मागून नेला तो परत आलाच नाही. आता तो रीतसर तिचा. तिला फार राग येईल, म्हणूनच देते.

तीन. गच्चीवरची खोली हरेशची मुलगी मनस्वी हिची एकटीची. तिथे भाडेकरू ठेवायचा नाही.

याचं कारण लिही, वैशाली. दिवे लागले की मनस्वी त्या खोलीत मोठ्याने गणितं सोडवायची आणि मी खाटेवर पडून ऐकायची.

"समज आजी, एक गुळगुळीत टेबल हाय. घर्षण शून्य. त्यावर एक ठोकळा."

"ठेवला कोनी?"

"कोनी नाय. समज, हाय."

"मंग परल ना खाली."

"नाय परनार. टेबलाला शेवटच नाय."

असं टेबल मी पाहिलं नाही, तरी ओळखीचं वाटायचं. पुरी भरती आली की खाडी तशीच होते. होडी नुसती लोटावी, वल्हं न मारता ती आपली जात राहते. मला डुलकी लागायची. झोपेत मीच तो ठोकळा व्हायची. गुलाबी फ्लेमिंगो बाजूला होऊन वाट द्यायचे, आणि किनारा काही यायचा नाही. मग दुसरा ठोकळा येऊन धडकायचा, म्हणजे मनस्वी विचारायची, "आजी, झोपलीस?"

धडकून दोघं चिकटले तर ऊर्जा कमी होते, असं ती म्हणाली. "गेली कुठं?" मी विचारलं. थोडी आवाजात, थोडी गरम होण्यात. मला पटलं. धर्मराजशी लग्न झालं तेव्हा आवाज पुष्कळ झाला, दोघं गरमही झालो, पण पुढे गेलो ते एकत्रच.

मग कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत तिला मार्क कमी पडले. दिपेशच्या मेव्हण्याच्या हळदीत, चार लोकांत, हरेश म्हणाला, "हिच्या डोक्यात माती हाय." पुस्तकं पोत्यात गेली. तेव्हापासून खोली गप्प आहे आणि मला झोप नाही.

चार. त्या खोलीतल्या हुकाला मनस्वीच्या तान्हेपणीच्या झोळीची स्प्रिंग आहे. पोर वाढली तशी झोळी जरा जरा खाली यायची, पण उचलून घेतली की स्प्रिंग परत आपल्या जागी. पोर चालायला लागल्यावर धर्मराजने त्या स्प्रिंगला शिवल्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, भरलेली पाटी टांगली, वजन बघायला. ती लोंबली ती लोंबलीच. मनस्वी म्हणते, मर्यादेपलीकडे ताणली की स्प्रिंग स्प्रिंग राहत नाही. ती स्प्रिंग हरेशला. रोज बघ, बाबा. सकाळी जुईनगरचा क्लास, संध्याकाळी दुसरा, वर हळदीतलं ते वाक्य. पाटी जड झाली होती.

पाच. कॅरमबोर्ड मनस्वीला. पावडर टाकून तिने मला दाखवलं होतं. एक सोंगटी सरळ दुसरीवर गेली. गेलेली तिथेच थांबली, थांबलेली तिचा सगळा वेग घेऊन निघाली. "वजन मात्र सारखं लागतं, आजी." आता माझं ब्लाउज तिला बसतं. तेव्हा पोरी, मी थांबले, एवढंच झालंय.

सहा. परीक्षा पुन्हा द्यायची का, हे मनस्वीने ठरवायचं. देणार असेल तर सुतक आहे म्हणून कोणी अडवायचं नाही. दहाव्याला खाडीवर कावळा पिंडाला शिवला नाही, तर म्हातारीचा जीव नथीत अडकला की बांगड्यांत, असं कुजबुजत उभे राहू नका. मनस्वीने तिथेच एक टकरीचं गणित मोठ्याने सोडवावं. उत्तर चुकलं तरी चालेल. कावळ्याला कुठे कळतंय, आणि मला कधी कळलं होतं? मला तिचा आवाज हवा आहे.

वरील मजकूर वैशालीने मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा ऐकताना माझा डोळा लागला, पण मजकूर माझाच आहे.

यशोदाबाई धर्मराज तांडेल, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: डॉ. श्रुती नाडकर्णी (सही)
साक्षीदार: दिनानाथ म्हात्रे, शेजारी (सही)
ठिकाण: करावे, नवी मुंबई
दिनांक: २ फेब्रुवारी २०२५

थांब वैशाली, अंगठ्याची शाई पुसू नकोस. हे खाली लिही, परत अंगठा देते. परीक्षेच्या दिवशी मनस्वीला तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायची. सुतकात सुकट चालत नाही, हे मला माहीत आहे. पाप माझ्या नावावर घाला. आणि हरेश, डबा डिकीत ठेवू नकोस. परीक्षेच्या दारापर्यंत तू स्वतः हातात धरून ने.