लाखाला तिनाने भागल्यावर

आई, तुझी राहून गेलेली लाखोली आम्ही तिघी बहिणींनी या श्रावणात पुरी केली. महादेवाला एक लाख बेलाची पानं. तू सारखी बोलायचीस, पण आधी शाळा आणि मग गुडघे, दोघांनीही तुला सोडलं नाही.

मला विठ्ठलवाडीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. शाळेत दिवसभर गणित शिकवून तू दमलेली, तरी वाटाणे सोलता सोलता लाखाची कुंडली मांडतेस. लाख म्हणजे नुसते दोन आणि पाच, दोघंही पाच-पाच वेळा. विभाजक छत्तीस. वर्ग नाही, घनही नाही. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज लाखाच्याही वर जाते, म्हणून ही विपुल संख्या. "आपल्या घरासारखी," तू म्हणतेस, "माणसं मोजकी, पसारा दांडगा." एवढ्या गोतावळ्यात तीन मात्र औषधालाही नाही. तिघींना पानं सारखी वाट म्हणालीस, तर मी तेहेतीस हजार तीनशे तेहेतीसच्या पुढे टिंब देऊन आणखी तीन काढायला लागले. तू पाटीवर टिचकी मारलीस. "पानाचे तुकडे करतेस? खंडित बेल देवाला चालत नाही. बाकी एक लिही, आणि बाकीला कमी लेखू नकोस."

तू गेल्यावर देवघर कुणी न्यायचं यावरून ताई आणि माईचं बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं तुटलेलंच. मला ते फार लागायचं. लाखोलीला मात्र दोघी लगेच हो म्हणाल्या, आपापल्या घरी, आपापल्या वाट्याची. ताई उल्हासनगरला, माई अंबरनाथला, मी बदलापूरला मांजर्लीत. उरलेलं एक पान अंबरनाथच्या देवळात वाहायचं ठरलं, आणि माझा फोन तापला. ताई म्हणे, "मोठी मी आहे, शेवटचं मीच वाहणार, फिक्स." माई म्हणे, "आजारपणात आईजवळ कोण होतं, विचार तिला." मी दोघींना एवढंच सांगितलं, या तर खऱ्या.

दोघी आल्या. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो, तर दोघींचे हात एकदमच पानाकडे गेले. सोडायला कुणी तयार नाही. मागून एक बाई ओरडली, "ओ ताई, जल्दी करा ना, लाईन लागलीये!" मग मीही देठ धरला. तीन दलांचं ते पान तिघींनी मिळून पिंडीवर ठेवलं. तेवढ्यात माई ताईला म्हणाली, "अगं, तुझा अंगठा केवढा जाडजूड झालाय!" ताई आधी रागावली, मग इतकी हसली की पुजाऱ्याने वळून पाहिलं. बाहेर येऊन दोघी एकाच रिक्षात बसल्या, माझ्यासाठी जागाच ठेवली नाही. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

हे पत्र कुठे टाकणार? पोथीत राहील. पण तुला म्हणून सांगते. दोन पानं जास्त आणली असती तर तिनाने पूर्ण भाग गेला असता, बाकी शून्य, आणि आपापल्या घरीच सगळं उरकलं असतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्या दोघींना सांगितलं नाही.