चौऱ्याहत्तर नंबरचा बेडूक

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बेडूक सापडला. हे वाक्य आधी लिहिलं आणि मग चष्मा पुसला. छत्रीवाला, चौऱ्याहत्तर नंबरचा, पहिल्या छपाईचा. एकशे दोन जपानी कार्डांच्या संचात हा एकच राहिला होता. अकरा वर्षं कार्डांच्या वहीतला त्याचा खिसा रिकामा आहे. ही म्हणते, तिथे माझा फोटो लाव, निदान रोज बघशील तरी.

मामा बोटीवर स्वयंपाकी होते तेव्हा त्यांनी आणलेल्या दहा कार्डांत हा होता, आठवतं? जपानी कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून नावं आपणच ठेवली आणि खेळाचे नियमही. बेडूक आला की समोरच्याने गप्प बसायचं, हा नियम तुझा. घर बदलताना ती दहाही गेली.

विक्रेता नेहमीप्रमाणे कार्ड तुझ्याकडेच पाठवतोय. लबाड लोक झिजलेली कड बारीक कापून टाकतात. कार्ड नवं दिसतं, पण केसभर आखूड होतं, आणि कापलेलं कार्ड संचात चालत नाही. तू चाळीस वर्षं पुस्तकं बांधतेस, तुझ्या पट्टीपुढे माझी नजर काय करणार? नीट असेल तर मला पाठव, नसेल तर पंधरा तारखेच्या आत त्याला परत कर. तू म्हणशील ते.

इथे कामावर नव्या इमारतीच्या लिफ्टने जीव खाल्लाय. चौथ्या मजल्यावर थांबायचं नावच घेत नाही. असो. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बेडूक पोचला. तोच तो, छत्रीखाली तोंड वाकडं करून बसलेला, अगदी तुझ्यासारखा. खिडकीशी नेलं, भिंग लावलं, पट्टी लावली. वाईट वाटून घेऊ नकोस, पण उजवी कड कापलेली आहे. अर्धा मिलिमीटर कमी. काल परत पाठवून दिलं.

दुसरं मिळेल. मिळालं की आधी माझ्याकडेच पाठव, परस्पर घेऊ नकोस.

इकडे शाळेच्या हजेरीवह्यांचं मोठं काम आलंय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गुडघ्याचं तू विचारलेलं नाहीस म्हणून सांगत नाही. लिफ्टला जरा प्रेमाने घे. सगळ्यांना आशीर्वाद, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणजे प्रश्न मिटला. तरी दोन दिवस कशात मन लागलं नाही, खोटं कशाला सांगू.

गंमत ऐक. विक्रेत्याने ते कार्ड एका निवृत्त मास्तरांना विकलं. त्यांनी मोजलं तर म्हणे पुरेपूर भरलं, आणि विक्रेत्याने मला खिजवायला तसं कळवलं. मी उलट टपाली लिहिलं की माझी ताई कागदाच्या बाबतीत आजवर चुकलेली नाही, मास्तरांनी चष्मा बदलावा.

सोबत अठरा नंबरचा बगळा पाठवतोय. त्याच्या पाठीवर डाग आलाय, काही करता येतं का बघ. तुझ्या पट्टीवरचा विश्वास आणि माझ्यावरचा तुझा लोभ, दोन्ही जपून ठेव.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मास्तरांचा चष्मा ठीक आहे. कार्ड पुरेपूर होतं. मी खोटं लिहिलं.

तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजलं ते काही चूक निघावी म्हणून. निघाली नाही.

माझ्याकडे एका खोक्यात तुझी अकरा वर्षांची पत्रं आहेत. एकूणएक पत्राबरोबर कार्ड आलंय, किंवा कार्डाचं काही काम. नुसतं पत्र एकही नाही. फोनवर आपलं "बरं आहे ना, बरं आहे, ठेवतो" एवढ्यात आटपतं. त्या दिवशी मनात आलं, हा बेडूक एकदा खिशात बसला की धाकट्याला मला लिहायला काही उरणार नाही. आणि मी परतीचं पाकीट चिकटवलं. लहान मुलासारखं केलं, या वयात.

मास्तरांना विचारून बघ. बगळ्याचा डाग काढलाय, सोबत आहे. रागाव, वाटेल तेवढा रागाव. गप्प मात्र बसू नकोस. लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.

तुझी,
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला. अजून आहे. अकरा वर्षं, ताई! मास्तर कार्ड द्यायला तयार नाहीत, दोनदा विचारून झालं.

बेडूक आला की समोरच्याने गप्प बसायचं, नियम तुझाच. तो मी तीन आठवडे पाळला. अधूनमधून लिहायला बसायचो, पण दर वेळी हात आधी वहीकडे जायचा, सोबत पाठवायला काय आहे ते बघायला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा वही मिटून ठेवली. तू कार्डाबद्दल खोटं लिहिलंस, माझ्याबद्दल नाही.

परवा हिने सहज विचारलं, ताईंच्या गुडघ्याचं काय झालं? मला ठाऊक नव्हतं. तुझं आधीचं पत्र पुन्हा काढलं तर त्यात लिहिलेलंच होतं, विचारलेलं नाहीस म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मी फक्त उजवी कड वाचली होती. लाज वाटली.

रिकामा खिसा तसाच आहे, बघवत नाही अजून. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबायला लागली. राग उतरायचा तेव्हा उतरेल, तोवर लोभ अडवून धरू नकोस.

या पाकिटात कार्ड नाही, झटकून बघू नकोस. गुडघा कोणता? जिना चढताना दुखतो की उतरताना? दोन्ही दुखत असतील तर दोन्हींचं वेगवेगळं लिही.

तुझा,
धाकटा