तिसऱ्या हाकेपर्यंत

७८६
बाणकोट, ता. ६ मे १९६२

चि. बिल्कीसला जमिला आपाचा सलाम नि दुवा. वि. वि. माझी नि कमालची तब्येत बरी हाय. कमालला दाढा येतात, दिसेल ते चावतो. तुझी जुनी चप्पल त्यानेच संपवली.

त्याच्या अब्बांचं पत्र आलं. सुलैबियाला, तू राहतेस त्या आपल्या नझीरदादाच्या घराला लागून खोली मिळते, आगबोटीचं तिकीट काढतो म्हणतात. हवेचं विचारलं तर लिहितात, पाऊस नाय, तुफान नाय, नुसतं ऊन. पण यांना हवा कधी कळली? भर पावसाळ्यात लग्नाला छत्री विसरून आले. तू तोंडाने फार बोलत नायस, पण खोटं लिहीत नायस. तिकडे वारं कसं हाय? बाबा दर्यात गेले तेव्हापासून वारं सुटलं की मी दाराला कडी घालते. मा होती तोवर तिला चिकटून बसायची. आता मा पण नाय. पोराला घेऊन येऊ का नको, तू सांगशील तसं करीन.

माया हाय तशी राहू दे.
तुझी आपा, जमिला

७८६
कुवेत, ता. २८ मे १९६२

आपाला बिल्कीसचा सलाम. वि. वि. छत्रीचं रियाजभाईंना वाचून दाखवलं नाय, घाबरू नको. माझी शाळा पाचवीत सुटली, चुका पोटात घाल.

पाऊस नाय ते खरं. वारं हाय. इथे सपाट जमिनीवर वावटळ उभी राहते, माडापेक्षा उंच, नि चालते. घरापुढे येते, थांबते, मग वळते. ताहिराभाबी म्हणते तिच्याकडे बघत राहू नको. दुसरं ते तोज. धुळीचं वादळ. लांबून लाल भिंत येते, आवाज न करता, नि भरदुपारी दिवा लावावा लागतो. शहरात शर्क म्हणून मोहल्ला हाय, दर्याकाठी, घरं दाट, तिथे वारं अडतं. सुलैबियात आपल्या पलीकडे घरच नाय.

गेल्या जुम्याला तोज आलं. भाबी बाळाला घेऊन आतल्या खोलीत. बाहेरून हाक आली, बिलू. परत आली, बिलू. आपल्याकडे म्हणतात ना, वाऱ्यात हाक आली तर तिसरीपर्यंत ओ द्यायची नाय, माणूस असेल तर तिसरी देईल. मी ओ दिली नाय. तिसरी आलीच नाय. धूळ बसल्यावर दार उघडलं तर रियाजभाई भिंत धरून बसलेले. दार सापडलं नाय, दोन हाका मारल्या, तिसरीला तोंडात वाळू गेली. डोळे गुंजेसारखे. मला रडू फुटलं तर तेच हसतात. म्हणतात, सालीबाई, बाणकोटचं शहाणपण बाणकोटला ठेवून यायचं.

पण आपा, ते म्हणतात मी भाबीला हाक मारली. तुझं नाव घेतलंच नाय. आणि इथे मला बिलू कोणीच म्हणत नाय.

विसरू नको मला.
बिल्कीस

७८६
बाणकोट, ता. १५ जून १९६२

चि. बिल्कीसला सलाम. वि. वि. पत्र वाचून कमालला कुशीत घेऊन बसले, चूल विझली तरी कळलं नाय.

बिलू तुला फक्त बाबा म्हणायचे. तू चार वर्षांची होतीस. माने नंतर ते नाव घरात बंद केलं. त्या दिवशी बाबांचं गलबत खाडीच्या तोंडाशी आलं होतं, पण वादळाने एवढं अंधारलं की समोरचं दिसेना. आम्ही पुळणीवर. पाण्यातून हाक आली, बिलू. तू माच्या कडेवर. ओ द्यायला तू तोंड उघडलंस नि माने त्यावर हात ठेवला. दुसरी आली. मा तिसरीची वाट बघत राहिली. गलबत खडकावर गेलं. महबूब तांडेल मग म्हणाला, ओ ऐकू आली असती तर किनारा कुठे ते त्याला कळलं असतं. तेव्हापासून वारं सुटलं की मा दाराशी बसायची. नि तू बोलायची कमी झालीस.

वाऱ्याची भीती हायच. पण कमालच्या अब्बांनी भिंत धरून हाका माराव्या नि ओ द्यायला मी नसावं, त्याची जास्त. त्यांना सांग तिकीट काढा, खोली मात्र शर्कला बघा. नि तू, परत तोज आलं तर पहिल्या हाकेला ओ दे. कोणाची का असेना.

तुझ्यावर जीव हाय.
आपा

७८६
कुवेत, ता. ४ जुलै १९६२

आपाला सलाम. वि. वि. तिकीट काढलं. शर्कला मासळीबाजाराजवळ खोली मिळाली. वास अगदी आपल्या बंदरासारखा, कमालला झोप लागेल.

काल तोज आलं. दादा नि रियाजभाई कामावर. मी कडी काढून दाराशी उभी राहिले. हाक आली, बिलू. आपा, मी ओ दिली. एवढ्या मोठ्याने की भाबीचं बाळ दचकून उठलं. माझा आवाज एवढा हाय ते मलाच ठाऊक नव्हतं. दुसरी हाक आली नाय. वारं एकदम गप्प झालं, कोणी तोंडावर हात ठेवावा तसं.

मग बघितलं. अंगणभर वाळू कोरडी. उंबऱ्याशी तेवढी ओली. भाबी म्हणते, तूच पाणी सांडलंस. घरातलं पाणी टँकरचं, गोडं. मी ओल्या वाळूला बोट लावून चाखलं. खारट. दर्यावर जायला इथून बस धरावी लागते.

मी ती वाळू झाडली नाय. भाबी ओरडते, तरी नाय. तू ये, मग दोघी झाडू.

वाट बघते. माया आटू देऊ नको.
तुझी,
बिलू