भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं

३ नोव्हेंबर, सोमवार
मिरजोळ्याच्या ऑफिसात नवीन बग. आमच्या मासळीच्या ॲपवर रात्री दहाला दिलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनची दिसते. टेस्टिंग माझ्याकडे. टाइमझोन हा माझा हातखंडा विषय आहे. उद्या संपवतो.
दुसरं काम: तेजस्वीला मनातलं सांगणं. शेजारच्या टेबलावर कोड लिहिते. रविवारी मुंबईच्या नोकरीला निघते. आठवडा भरपूर आहे.

५ नोव्हेंबर
बग तिथेच. फोन लंडनच्या वेळेवर लावला, म्हणजे विषय अंगात भिनेल.
तेजस्वीला सांगणार होतो, पण ती कामात होती. मीही चहाला गेलो होतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बग तेजस्वीला सापडला. सर्व्हर भारताचीच वेळ पाठवतो आणि आमचा प्रोग्रॅम त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवतो. मी हेच म्हणणार होतो. तसं बोललोही. ती हसली.
चिठ्ठी लिहून मॉनिटरवर चिकटवली: एकदा सुधारलेली वेळ पुन्हा सुधारू नये.
निरोपाच्या वड्यांच्या वेळी बोललो असतो. हिशेब खात्यातला लवू मध्येच बसला.

८ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या भिंतीवरचं घड्याळ कायम वीस मिनिटं पुढे. बाबांची बोट चुकू नये म्हणून मी शाळेत असल्यापासून. घरातला प्रत्येक जण बघतो आणि मनात वीस वजा करतो. किती अशास्त्रीय! आई बाजारात गेल्यावर स्टुलावर चढून बरोबर लावलं. कुणाला सांगितलं नाही. चांगलं फिक्स कळूनच येत नाही.
दुपारी आईचं नळाचं पाणी गेलं. अजून वेळ होता म्हणे. ही यूजरची चूक. सवय मोडायला हवी.
तेजस्वीचा मेसेज: उद्या स्टेशनवर येशील ना? जरा लवकर ये. बोलायचंय.
तिलाच बोलायचंय! झोप येणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. घरी.
निळा शर्ट इस्त्री केला. वाक्य पाठ आहे. गाडी पाचची. फोन अजून लंडनमध्येच, पण भिंतीवर बघितलं. पावणेपाच. म्हणजे चार पंचवीस. आरामात पोचतो. आईने दिलेला चहासुद्धा पिऊन घेतो.

त्याच दिवशी. स्टेशन.
प्लॅटफॉर्म रिकामा. पोर्टरने सांगितलं, गाडी वेळेवर गेली. त्याच्याशी वाद घातला. मग स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाकावर बसलो.
तेजस्वीचा मेसेज आला होता. "वीस मिनिटं स्टेशनच्या दारात उभी होते. असो. काळजी घे."
मी फोन केला. रेंज नव्हती. बोगद्यात असेल.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी आईला सगळं सांगितलं. ती पदर खोचून स्टुलावर चढली आणि काटा वीस मिनिटं पुढे सरकवला.
मी स्टूल धरलं.